फाटलेला पडदा पुन्हा कोण शिवतो?

मननासाठी शास्त्रभाग : मत्तय २७:५१; इब्री १०:१९-२२



मागच्या पावसाळ्यात दृढीकरणाचा वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. कॉलेजात जाणारी, शांत, कधी फारसे न बोलणारी. तिचे वडील दीड वर्षापूर्वी गेले. मायलेकी विश्वासात होत्या, वडील नव्हते. पण दर रविवारी ते दोघींना स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत आणून सोडत आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या टपरीवर पेपर वाचत बसत. आत मात्र कधी आले नाहीत.

ती म्हणाली, "ताई, आमच्या घरी दोन मुलं येतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची पट्टी. खूप चांगली आहेत. ते म्हणतात, पप्पांच्या नावानं बाप्तिस्मा घेता येतो. मग मंदिरात विधी झाला की आम्ही तिघं कायमचं एक कुटुंब. हे खरं आहे का?"

मी काय उत्तर दिले ते सांगायला आज लाज वाटते. मी म्हटले, "ते मॉर्मन आहेत, पाखंडी आहेत. दार उघडू नकोस." तिने मान हलवली, वही पिशवीत घातली आणि जाता जाता एवढेच विचारले, "पण ताई, मग पप्पांचं काय?"

माझ्याकडे उत्तर तयार नव्हते. त्या दोन मुलांकडे मात्र होते. ते चुकीचे आहे असे मी मानते आणि का ते पुढे सांगणार आहे. पण आधी हे कबूल करते, की ज्या घरात दुःख होते तिथे ते जाऊन बसले आणि मी फक्त शिक्का मारून मोकळी झाले. आजचा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे.

आधी त्यांच्याविषयी खरे बोलू

आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मॉर्मन शेजाऱ्यालाही लागू आहे. ही माणसे दारू पीत नाहीत, तंबाखूला शिवत नाहीत, कुटुंब जपतात, उत्पन्नाचा दहावा भाग देतात. त्यांची तरुण मुले आयुष्यातली दीड-दोन वर्षे घरदार सोडून सुवार्तेसाठी म्हणून परमुलखात घालवतात. आपल्या युवक संघातून तालुक्याच्या गावी एका दिवसासाठी चला म्हटले तर किती हात वर होतात, ते आपण जाणतोच.

ती इथे परकीही राहिलेली नाहीत. भारतातला त्यांचा पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक मंडळ्यांचा मिळून केलेला प्रांत, २०१२ साली आपल्या हैदराबादेतच स्थापन झाला. २०१८ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूला मंदिर बांधण्याची घोषणा झाली. त्यांचा ग्रंथ हिंदीत आहे, तेलुगूत आहे. तेव्हा हा अमेरिकेतला विषय आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून चालणार नाही.

त्यांच्या मंडळीच्या नावात येशू ख्रिस्त आहे. २०१८ पासून त्यांचे पुढारी आग्रहाने सांगतात की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नावाने ओळखा. ओळख पटावी म्हणून मी इथे जुनाच शब्द वापरते, हिणवण्यासाठी नव्हे. मंदिरातल्या विधींची वा विधिवस्त्रांची थट्टाही मी करणार नाही. आपल्या भाकरीची आणि द्राक्षारसाची थट्टा झाली तर काय वाटते, ते आपल्याला अल्पसंख्य म्हणून चांगले ठाऊक आहे. माझे भांडण शिकवणीशी आहे.

मंडळी खरोखर नाहीशी झाली होती काय?

त्यांची सगळी इमारत एका दाव्यावर उभी आहे. प्रेषितांच्या मरणानंतर खरी मंडळी आणि देवाने दिलेला याजकीय अधिकार पृथ्वीवरून नाहीसा झाला. १८२० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावाजवळ जोसेफ स्मिथ या किशोरवयीन मुलाला दर्शन झाले आणि कोणत्याही मंडळीत जाऊ नकोस, त्या सगळ्या चुकीच्या आहेत, असे सांगण्यात आले. पुढे मरोनी नावाच्या दूताने त्याला सोन्याचे पत्रे दाखवले. १८३० साली 'मॉर्मनचे पुस्तक' छापले गेले आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला मंडळी स्थापन झाली.

आता आपण आपल्याच इतिहासाकडे पाहू. १८११ साली, जोसेफ स्मिथ पाच-सहा वर्षांचा असताना, श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरी यांच्या प्रयत्नाने मराठी नवा करार बाहेर पडला. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि त्यांचे सोबती मुंबईत उतरले. हॉल मराठी शिकले, गावोगाव फिरले आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला प्रवासात पटकीने गेले. केरळात तर थोमाच्या परंपरेतले ख्रिस्ती लोक त्याआधी कित्येक शतके प्रभूचे नाव घेत होते.

मॉर्मन बंधू म्हणतात की त्या काळात पृथ्वीवर खरी मंडळीच नव्हती. मग मुंबईच्या किनाऱ्यावर काय चालले होते? कोणत्या आत्म्याने त्या माणसांना परक्या भाषेत येशूचे नाव घ्यायला शिकवले? प्रभूने पेत्राला सांगितले होते की अधोलोकाच्या द्वारांचे तिच्यापुढे काही चालणार नाही (मत्तय १६:१८). मंडळी आजारी पडली, भ्रष्ट झाली, फुटली, हे सगळे खरे. पण ती मेली असे म्हणणे म्हणजे प्रभूने शब्द दिला आणि पाळला नाही असे म्हणणे आहे. पौलाने गलतीकरांना बजावले होते की स्वर्गातल्या दूताने येऊन वेगळी सुवार्ता सांगितली तरी ती घेऊ नका (गलती १:८). पारख दूताच्या तेजावरून करायची नसते, सुवार्तेवरून करायची असते.

मंदिर: एक सोडून दिलेले दार

आता मूळ मुद्द्याकडे येते. मॉर्मन लोकांची दर रविवारची सभा मंदिरात होत नाही. त्यासाठी साधी सभागृहे असतात आणि तिथे कोणीही जाऊ शकतो. मंदिर वेगळे, आणि रविवारी ते बंद असते. तिथे जाण्यासाठी शिफारसपत्र लागते. दोन पातळ्यांवरचे पुढारी मुलाखत घेतात: मंडळीच्या संदेष्ट्यावर विश्वास आहे का, दशांश पूर्ण भरता का, चालचलन शुद्ध आहे का, खाण्यापिण्याचा नियम पाळता का. त्या नियमात चहा आणि कॉफीही वर्ज्य आहे. त्या मुलीच्या आईने दोघांपुढे चहा ठेवला तेव्हा त्यांनी नम्रपणे पाणी मागितले, त्याचे कारण हेच.

पाणी मागण्यात पाप नाही. पण जरा विचार करा. देवाच्या सान्निध्याच्या सर्वोच्च जागी जायचे तर दशांशाचा हिशेब आणि चहाचा कप आडवा येतो. आणि त्यांच्या शिकवणीप्रमाणे या मंदिरविधींवाचून सर्वोच्च स्वर्ग मिळत नाही. कलस्सैकरांना पौलाने काय लिहिले होते? खाण्यापिण्यावरून कोणी तुमचा न्याय करू नये. ती तर सावली होती, शरीर ख्रिस्ताचे आहे (कलस्सै २:१६-१७).

लग्नाचेही तसेच. मंदिरातल्या कायमच्या बंधनाच्या विधीला शिफारसपत्र नसलेले आईबापसुद्धा हजर राहू शकत नाहीत. ज्या आईने मुलीला वाढवले ती बाहेर बाकावर बसणार. 'कुटुंब सदासर्वकाळ' असे सांगणारी शिकवण कुटुंबातल्याच माणसाला दाराबाहेर ठेवते. आपल्याकडच्या कोणत्याही आईला विचारून पाहा, तिला हे कसे वाटेल.

ते म्हणतात, आमचे विधी पवित्र आहेत, गुप्त नव्हेत. जुन्या करारातही मंदिर होतेच. होते. पण त्या मंदिरात काय चालत असे ते लपवलेले नव्हते. निर्गम आणि लेवीय उघडून वाचा. पडद्याचा रंग, वेदीची लांबी, याजकाच्या झग्यावरची डाळिंबे, कोणता पशू, रक्त कुठे लावायचे, सगळे उघड लिहिले आहे. शेतकरी वाचू शकत होता, आज माझ्या वर्गातले पोरही वाचू शकते. त्या मंदिरात लग्ने लागत नव्हती, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मे होत नव्हते, खुणा आणि परवलीचे शब्द दिले जात नव्हते. तिथे पापासाठी रक्त सांडले जात होते, आणि ते रक्त गुलगुथ्याकडे बोट दाखवत होते.

मग हे विधी आले कुठून? तारखा बोलतात. मार्च १८४२ मध्ये जोसेफ स्मिथ इलिनॉयमधल्या नावू गावी फ्रीमेसन झाला. दोन महिन्यांच्या आत, ४ मे १८४२ रोजी, त्याने आपल्या निवडक सोबत्यांना मंदिराचा मुख्य विधी पहिल्यांदा दिला. फ्रीमेसनांच्या विधींशी त्याचे साम्य आहे हे त्या मंडळीचे स्वतःचे लोकही मान्य करतात. त्यांचे म्हणणे असे की मेसनांकडे प्राचीन विधीचे अवशेष होते. पण शलमोनाच्या मंदिरात असा विधी होता याला शास्त्रात एका ओळीचाही आधार नाही.

आणखी एक प्रश्न मी त्या दोन मुलांना विचारीन. 'मॉर्मनच्या पुस्तकात' सुवार्तेची पूर्णता आहे असे तुमचे धर्मग्रंथच सांगतात. मग त्या पुस्तकात मृतांसाठी बाप्तिस्मा का नाही? कायमच्या विवाहाचा विधी का नाही? जे तारणाच्या शिखरासाठी अत्यावश्यक, ते पूर्णतेच्या ग्रंथात नसावे हे कसे?

प्रियांनो, प्रभूने वधस्तंभावर प्राण सोडला त्या क्षणी मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरपासून. म्हणजे माणसाच्या हाताने नव्हे. इब्री लोकांस पत्र सांगते की आता येशूच्या रक्ताने परमपवित्रस्थानात जाण्याचे धैर्य आपल्याला आहे. त्याचे याजकपद अढळ आहे, ते दुसऱ्या कोणाकडे जात नाही (इब्री ७:२४). मॉर्मन मंदिराच्या विधीत मात्र पुन्हा एक पडदा आहे, आणि तो ओलांडण्यापूर्वी शिकलेल्या गोष्टी सांगून दाखवाव्या लागतात. देवाने वरून फाडलेला पडदा माणसाने खालून शिवायला घेतला, यापेक्षा वेगळे काय म्हणू?

शोमरोनी बाईला प्रभूने सांगितले की उपासना ना या डोंगरावर, ना यरुशलेमेत. तिच्याकडे कुठले शिफारसपत्र होते? पाच नवरे झालेले आणि सहावा नवरा नसलेला. मुलाखतीत ती पहिल्याच प्रश्नाला नापास झाली असती. जिवंत पाण्याची गोष्ट प्रभूने तिलाच सांगितली. आणि प्रकटीकरणाच्या शेवटी योहान नवे यरुशलेम पाहतो तेव्हा त्यात मंदिर नसते, कारण प्रभू देव आणि कोकरा हेच तिचे मंदिर (प्रकटी. २१:२२).

ते कोणत्या देवाविषयी बोलतात?

शब्द तेच, अर्थ वेगळा, ही इथली खरी अडचण. पिता, पुत्र, तारण, कृपा, सगळे शब्द आपलेच. पण त्यांच्या शिकवणीत पित्याला हाडामांसाचे शरीर आहे, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन वेगळ्या व्यक्ती एका सत्तत्त्वाच्या नव्हेत, केवळ एका उद्देशाच्या आहेत. एप्रिल १८४४ मध्ये, मरणाच्या तीन महिने आधी, जोसेफ स्मिथने एका प्रसिद्ध प्रवचनात शिकवले की देव स्वतः एके काळी आपल्यासारखा माणूस होता आणि आपणही देव व्हायला शिकले पाहिजे. आजचे पुढारी पहिल्या अर्ध्या भागावर फारसे बोलत नाहीत. दुसरा भाग, म्हणजे मंदिरविधींतून उन्नत होऊन देवासारखे होणे, अजूनही त्यांच्या आशेचा गाभा आहे.

यशयाच्या ४३व्या अध्यायात परमेश्वर सांगतो की माझ्यापूर्वी कोणी देव झाला नाही आणि माझ्यामागून होणार नाही. मोशेच्या स्तोत्रात तो अनादी कालापासून अनंत कालापर्यंत देव आहे (स्तोत्र ९०:२). खुद्द 'मॉर्मनच्या पुस्तकात' मरोनी ८:१८ येथे देव न बदलणारा आहे असेच लिहिले आहे. १८३० चा ग्रंथ एक सांगतो आणि १८४४ चे प्रवचन दुसरे.

ज्या देवाला कोणीतरी घडवले त्याच्यापुढे मी माझे दुःख घेऊन का जाऊ? त्याच्याही वर कोणी असेल. जो कधीच झाला नाही, जो आहे, तोच मेलेल्या बापाच्या मुलीचे अश्रू पुसू शकतो.

"पण ताई, पप्पांचं काय?"

आता त्या मुलीचा प्रश्न. तो फक्त तिचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दोन-तीन पिढ्यांमागे कोणीतरी पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला. त्यामागचे आजे-पणजे प्रभूचे नाव न ऐकता गेले. ज्या मातीत आपण वाढलो तिथे पितरांसाठी काहीतरी करावे ही ओढ खोल आहे. शेजारच्या घरी पितृपक्षात पान वाढलेले दिसते तेव्हा आपल्यालाही आपली माणसे आठवतात. मृतांसाठी बाप्तिस्मा ही शिकवण नेमकी त्या ओल्या जागेवर बोट ठेवते.

ते १ करिंथ १५:२९ दाखवतात. तिथे मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा उल्लेख आहे, हे खरे. पण पौल 'ते' म्हणतो. लगेच पुढच्या वचनात 'आम्ही' म्हणतो. तो आज्ञा देत नाही, पुनरुत्थान नाकारणाऱ्यांना त्यांच्याच भोवतालची विसंगती दाखवतो. एवढ्या एका उल्लेखावर अख्खे मंदिर उभे राहत नाही. सुवार्तांत नाही, प्रेषितांच्या कृत्यांत नाही, दुसऱ्या एकाही पत्रात नाही.

ते जबरदस्ती करतात असेही नाही. त्यांच्या मते मृताचा आत्मा तो बाप्तिस्मा स्वीकारतो किंवा नाकारतो. तरीही या प्रथेने जखमा केल्या आहेत. नाझी छळात मेलेल्या यहुद्यांची नावे या यादीत गेली तेव्हा त्यांचे वारस व्यथित झाले आणि १९९५ साली ती नावे वगळण्याचा करार करावा लागला. २०१२ साली महात्मा गांधींच्या नावानेही असा बाप्तिस्मा झाल्याची बातमी आली. जो जिवंतपणी स्वतः निर्णय घेऊन गेला, त्याच्या नावाने दुसऱ्याने पाण्यात उतरणे हे प्रेम आहे की त्याच्या 'नाही'चा अनादर?

आणि या शिकवणीतली सर्वांत कठोर गोष्ट मुलीच्या लक्षात आली नव्हती. वडिलांचे भवितव्य आता तिच्यावर आले. ती पात्र ठरली, दशांश भरला, शिफारसपत्र मिळाले, मंदिरापर्यंत पोहोचली, तर पप्पांसाठी दार उघडणार. नाही तर ते थांबून राहणार. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर हे ओझे! विवाहाच्या बंधनाविषयी प्रभूने सदूकींना उत्तर दिलेच आहे, की पुनरुत्थानात लग्न करीत नाहीत व लग्नात देत नाहीत (मत्तय २२:३०). तिथे आपण एकमेकांना परके होऊ असा त्याचा अर्थ नाही. विधीच्या गाठीवर जे टिकवायचे, ते तिथे ख्रिस्तामध्ये टिकते.

मग पप्पांचे काय? मुली, मला माहीत नाही. माहीत असल्याचे सोंग मी करणार नाही. ते तारले गेले असे खात्रीने सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि नाश पावले असे सांगण्याचाही नाही. शेवटच्या रात्री दवाखान्यात, तू दाराबाहेर असताना, त्यांच्या मनात काय झाले ते तू पाहिले नाहीस, मीही नाही. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोरानेही अगदी शेवटीच तोंड उघडले. त्याचा बाप्तिस्मा झाला नाही, त्याच्या नावाने पुढे कोणी घेतल्याचेही कुठे लिहिलेले नाही, आणि तरी त्याच दिवशी सुखलोक मिळाल्याचे वचन त्याला मिळाले.

अब्राहामाने विचारले होते, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय (उत्पत्ती १८:२५)? आपल्याला धरायला एवढाच खांब आहे, पण तो पक्का आहे. तुझे पप्पा ज्याच्या हाती आहेत त्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत. तुझ्याहून त्याचे त्यांच्यावर अधिक प्रेम आहे. त्याला तुझ्या शिफारसपत्राची गरज नाही.

आपल्याकडे बोट

शेवटी आपल्याविषयी. आपल्या पंगतीत बसायलाही आपण न दिसणारी शिफारसपत्रे मागत नाही काय? कोणाच्या घरचा, कोणत्या गावचा, वर्गणी भरली का? ते वडील वर्षानुवर्षे फाटकाबाहेर बसले. आपण आत पडदा फाटल्याचे प्रवचन ऐकत होतो आणि बाहेर जाऊन "भाऊ, आत या ना, चहा आमच्याकडेही आहे" असे एकानेही म्हटले नाही. मीही नाही. मॉर्मन शिकवणीला पहिले उत्तर तिथे द्यायला हवे होते.

पुन्हा ती दोन मुले तुमच्या दारी आली तर दार लावू नका. पाणी द्या. पवित्र शास्त्र उघडून इब्री लोकांस पत्राचा नववा आणि दहावा अध्याय त्यांच्यासोबत वाचा. आणि ज्या घरी अलीकडे कोणी गेले आहे तिथे या आठवड्यातच जाऊन बसा, त्यांच्याआधी.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू पडदा फाडलास, आम्ही तो शिवू नये. जे चुकीच्या दाराशी उभे आहेत त्यांना तू स्वतः दार हो. आमची गेलेली माणसे आम्ही तुझ्या हाती सोपवतो, आणि आमच्या फाटकाबाहेर बसलेली माणसे दिसायला आम्हाला डोळे दे. आमेन.